आधी साचा, मग खुर्ची

दवाखान्याबाहेर नंबर लावून बसलेली माणसे, विमानतळावरची रांगेतली बाके, शाळेची भोजनगृहे, सरकारी कचेऱ्यांचे व्हरांडे या सगळ्या ठिकाणी एक खुर्ची आपल्या ओळखीची आहे. पाठ आणि बैठक एकाच तुकड्यात वळलेली, शरीराला झेलून धरणारी, खाली लोखंडाचे बारीक पाय. तिला कुठे सांधा नाही, खिळा नाही, उशी नाही. ती इतकी नेहमीची झाली आहे की ती कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा बनवली असेल हे आपल्या मनातही येत नाही. मग तिचा साचा कोणी बनवला असेल, हा प्रश्न तर दूरच राहिला.

साच्याचे नशीबच तसे असते. मोदकाचे कौतुक होते. साचा धुऊन, पुसून फडताळात जातो. पेणहून येणाऱ्या गणपतीच्या डोळ्यांची आखणी आपण निरखतो. तो ज्या साच्यातून उतरला त्याची चौकशी कोणी करत नाही. पण ज्या माणसामुळे ही वळणदार खुर्ची जगभर पसरली, त्या चार्ल्स ईम्सच्या आयुष्यातली ऐन उमेदीची दहा वर्षे खुर्ची बनवण्यात गेली असे म्हणण्यापेक्षा खुर्चीचा साचा शोधण्यात गेली असे म्हणणे जास्त खरे आहे. प्लायवुड, मग लोखंडी पत्रा आणि शेवटी फायबरग्लास, अशी ती वाट होती. आणि या प्रत्येक पदार्थापाशी तो नवशिक्या म्हणूनच उभा राहिला.

चार्ल्सचा जन्म 17 जून 1907 रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात झाला. वडील रेल्वेच्या सुरक्षा खात्यात होते आणि त्यांना छायाचित्रणाचा नाद होता. चार्ल्स लहान असतानाच ते गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या सामानात पोराला कॅमेरा, काचा आणि रसायने सापडली. सोबत आलेल्या माहितीवरून त्याने स्वतःच काचेवर रसायनाचा लेप द्यायला आणि ती ओली असतानाच चित्र घ्यायला शिकून घेतले. ही पद्धत तेव्हा कधीच मागे पडली होती. बाजारात फिल्म मिळते हे त्याला बऱ्याच काळाने, जवळजवळ वर्षभराने कळले. दुसरा कोणी असता तर वर्ष फुकट गेले म्हणून हळहळला असता. चार्ल्सला मात्र या वर्षाने एक सवय लावली. वस्तू दुकानातून तयार आणण्याआधी ती मुळात कशी होते हे आपल्या हातांनी करून पाहायचे, ही सवय त्याच्या अंगात कायमची मुरली.

घरची परिस्थिती बेताची होती. शाळेत असतानाच तो पोलादाच्या कारखान्यात कामाला जाऊ लागला. तिथे आधी अंगमेहनत केली, मग नकाशे काढायला शिकला. शिष्यवृत्तीवर सेंट लुईसच्याच वॉशिंग्टन विद्यापीठात वास्तुकला शिकायला गेला, पण पदवी न घेताच दोनेक वर्षांत बाहेर पडला. फ्रँक लॉइड राइटच्या कामाची त्याने केलेली पाठराखण तिथल्या गुरुजनांना रुचली नाही, असे सांगितले जाते. 1929 मध्ये कॅथरीन वोरमनशी लग्न झाले, 1930 मध्ये मुलगी झाली आणि त्याच सुमारास अमेरिका मंदीच्या खाईत गेली. वास्तुशिल्पी म्हणून कचेरी थाटली, पण मंदीत घरे बांधतो कोण? काही महिने तो मेक्सिकोत जाऊन राहिला. चित्रे काढायची, पडेल ते काम करायचे आणि त्यावर दिवस काढायचे, असा तो काळ होता.

परत आल्यावर आर्कान्सासमधल्या हेलेना या छोट्या गावात त्याने एक चर्च बांधले. त्याची छायाचित्रे एका वास्तुकलाविषयक मासिकात आली आणि ती इलिएल सारिनेन या फिनलंडहून आलेल्या थोर वास्तुशिल्पीच्या नजरेस पडली. सारिनेन तेव्हा मिशिगनमधल्या क्रॅनब्रुक कला अकादमीचे प्रमुख होते. त्यांनी 1938 मध्ये चार्ल्सला तिथे बोलावून घेतले. वयाच्या एकतिसाव्या वर्षी, बायको-मुलगी असलेला हा गृहस्थ पुन्हा विद्यार्थी झाला. तिथेच इलिएल यांचा मुलगा ईरो सारिनेन याच्याशी त्याची मैत्री जमली.

1940 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घरगुती सामानाच्या आरेखनाची स्पर्धा जाहीर केली. चार्ल्स आणि ईरो यांनी मिळून त्यात भाग घेतला आणि बसण्याच्या वस्तूंसाठी तसेच कपाटांसाठी, अशी दोन्ही पहिली बक्षिसे मिळवली. त्यांच्या खुर्चीची कल्पना अशी होती की गाद्या, स्प्रिंगा, चौकट यांचा सगळा डोलारा काढून टाकायचा आणि प्लायवुडचा एकच पातळ पत्रा माणसाच्या अंगासारखा वळवायचा. पाठ, बैठक, हात, सारे एकात. कमी माल, कमी मजुरी, म्हणून कमी किंमत.

कागदावर हे जिंकले, कारखान्यात हरले. कारण समजायला अवघड नाही. आपल्याकडचा द्रोण आठवा. पळसाचे पान एका दिशेने सहज वळते, त्याची सुरळी होते. पण त्याची वाटी करायची म्हटले की पान ऐकत नाही. त्याला कडेने दुमडावे लागते आणि त्या दुमडीत काडी टोचावी लागते. एकाच वेळी दोन दिशांना वळायचे म्हणजे कुठेतरी माल जास्त होतो आणि चुण्या पडतात, किंवा कुठेतरी कमी पडतो आणि फाटतो. लाकडाच्या पातळ थरांचेही तेच. जिथे पाठ बैठकीला मिळते, नेमक्या त्या खोल वळणावर लाकूड तडकत होते. प्रदर्शनातल्या खुर्च्यांना शेवटी वरून कापड चढवून ते झाकावे लागले. हातांनी, मिनतवारीने थोड्या खुर्च्या झाल्या, पण स्वस्त आणि पुष्कळ हा मूळ हेतू तिथेच बारगळला.

या स्पर्धेची रेखाटने करायला क्रॅनब्रुकची एक विद्यार्थिनी मदतीला आली होती. तिचे नाव रे कायझर. मूळची कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोची. न्यूयॉर्कमध्ये हान्स हॉफमन यांच्या हाताखाली अमूर्त चित्रकला शिकून ती आली होती. चार्ल्सचे पहिले लग्न मोडले आणि जून 1941 मध्ये त्याने रेशी लग्न केले. दोघे मोटारीने थेट लॉस एंजेलिसला गेले. सोबत संसाराचे सामान फारसे नव्हते. न सुटलेले कोडे मात्र होते.

तिथे चार्ल्सने एमजीएम या चित्रपट कंपनीत देखावे उभारण्याच्या विभागात नोकरी धरली. दिवसा नोकरी आणि रात्री भाड्याच्या घरातल्या जादाच्या खोलीत प्रयोग. संध्याकाळी येताना प्लायवुडचे पत्रे आणि सरस घेऊन यायचे आणि शेजाऱ्यांना कळू न देता आत न्यायचे, असा परिपाठ होता. त्या खोलीत दोघांनी एक यंत्र उभे केले. प्लॅस्टरचा साचा, त्यात विजेच्या तारांची वेटोळी, भोवती लाकडी चौकट आणि आत रबराची पिशवी. सरस लावलेले लाकडी थर साच्यावर ठेवायचे, चौकट आवळायची आणि सायकलच्या पंपाने पिशवीत हवा भरायची. पिशवी फुगून लाकडाला साच्यावर दाबून धरायची, तारांच्या उष्णतेने सरस वाळायचा. काही तास तसेच थांबायचे. मग उघडायचे आणि बघायचे. जादूगाराच्या मंत्रावरून त्यांनी या यंत्राचे नाव ‘कझॅम’ ठेवले होते. मंत्र बहुतेक वेळा फसायचा. पण दरवेळी तडा कुठे गेला हे पाहून दोघे साचा थोडा बदलत आणि पुन्हा पंप मारत.

याच सुमारास अमेरिका महायुद्धात उतरली. एका डॉक्टर मित्राकडून त्यांना कळले की जखमी सैनिकांचे मोडलेले पाय बांधायच्या लोखंडी पट्ट्या निकामी ठरताहेत. जखमीला उचलून नेताना त्या हादरतात आणि दुखणे वाढवतात. ईम्स दांपत्याने प्लायवुडची पायपट्टी करायला घेतली. साचा घेतला तो चार्ल्सच्याच पायाचा. या पट्टीत ठिकठिकाणी लांबट भोके आहेत. बँडेज ओवायला ती उपयोगी पडतात, पण त्यांचे खरे काम वेगळे आहे. जिथे लाकूड दोन दिशांना वळताना ताणले जाऊन फुटले असते, तिथलेच लाकूड काढून टाकले आहे. द्रोणाची काडी जे काम करते तेच काम इथे भोकाने केले. नौदलाने मागणी नोंदवली आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे दीड लाख पट्ट्या तयार झाल्या.

पट्टीने पैसा, कारखाना आणि माणसे मिळवून दिली. खुर्चीचे कोडे मात्र तसेच राहिले. अखेर 1945-46 मध्ये चार्ल्सने एक माघार घेतली. एका तुकड्याचा हट्ट सोडला. बैठक वेगळी, पाठ वेगळी, दोन्ही प्लायवुडच्याच, पण हलक्या वळणाच्या आणि मध्ये रबराच्या चकत्यांनी जोडलेल्या. त्या खुर्च्या पुढे विसाव्या शतकातल्या उत्तम वस्तूंमध्ये गणल्या गेल्या. जग ज्याला यश म्हणते त्याच्या पोटात अशी एखादी शहाणी माघार असते. लाकडाला जे जमत नाही ते त्याच्याकडून करून घ्यायचे नाही, एवढाच तिचा अर्थ.

1948 मध्ये त्याच संग्रहालयाने कमी खर्चाच्या फर्निचरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरे हवी होती आणि घरांत सामान हवे होते. चार्ल्सने जुने कोडे पुन्हा बाहेर काढले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या मंडळींना बरोबर घेऊन या वेळी त्याने लोखंडी पत्रा निवडला. मोटारीचे मडगार्ड जसे ठोकून घडवतात तशी एका तुकड्यातली खुर्ची. दुसरे बक्षीस विभागून मिळाले. लोखंड दोन दिशांना वळले, फुटले नाही. पण ते अंगाला गार लागे, गंजू नये म्हणून त्यावर लेप द्यावा लागे आणि ठोकणीचे साचे व यंत्रे भयंकर महाग होती. स्वस्त खुर्ची महागच राहिली.

आणि मग फायबरग्लास आले.

काचेचे तंतू करता येतात हे जुने ज्ञान. पण ते उद्योगाच्या प्रमाणावर निघू लागले 1930 नंतर. युद्धकाळात या तंतूंना पॉलिस्टर रेझिनची जोड मिळाली. रेझिन म्हणजे मधासारखा दाट, चिकट द्रव. त्यात थोडे दुसरे रसायन मिसळले की तो दगडासारखा कडक होतो, पण एकटा ठिसूळ असतो. काचेचा तंतू ओढीला चिवट असतो, पण एकट्याला आकार नसतो. दोघे एकत्र आले की कुडाच्या भिंतीतल्या काटक्या आणि चिखलासारखे एकमेकांना सावरतात. रडारच्या लहरी यातून आरपार जातात, म्हणून युद्धात विमानांच्या रडारवरची टोपणे याचीच केली जात. युद्ध संपले आणि हा माल नवे काम शोधत बाजारात आला.

चार्ल्सला जे हवे होते ते नेमके इथे होते. लाकूड आणि लोखंड हे तयार पत्रे असतात. त्यांना वाकवावे लागते. फायबरग्लास साच्यात येईपर्यंत पत्रा नसतेच. ओले तंतू साच्यावर बसतात आणि तिथेच त्यांचा पत्रा होतो. मग वळण एका दिशेचे असो की दोन, फरक पडत नाही. दहा वर्षे जो प्रश्न छळत होता तो सुटला नाही. तो उरलाच नाही.

कॅलिफोर्नियात जॉन विल्स नावाचा एक होड्या बनवणारा कारागीर फायबरग्लासचे काम हातांनी करत असे. चार्ल्स त्याच्याकडे खुर्चीचा नमुना घेऊन गेला. विल्सने त्यावरून दोन सारख्या खुर्च्या काढून दिल्या आणि एकीचे पंचवीस डॉलर घेतले. एक ईम्सकडे गेली. दुसरी विल्सच्याच कारखान्यात राहिली. जगप्रसिद्ध खुर्चीचा जन्म हा असा एका होडीवाल्याच्या शेडमध्ये झाला.

अशा शेडमध्ये काय चालते हे आजही पाहता येते. कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जोडीला आता फायबरच्या होड्या सर्रास दिसतात, आणि त्यांची रीत हीच. हे काम शिकायला आलेल्या पोराला वाटते की आपण वस्तू बनवणार. त्याला पहिले काही दिवस नुसते घासायला लावतात. आधी लाकूड, प्लॅस्टर, लांबी यांचा हुबेहूब नमुना करायचा. त्याला पॅटर्न म्हणतात. तो पॉलिश पेपरने, आधी खरखरीत मग पाण्याखालच्या बारीक पेपरने, आरशासारखा होईपर्यंत घासायचा. कारण पॅटर्नवर राहिलेला नखाएवढा ओरखडा साच्यात उतरतो आणि साच्यातला ओरखडा पुढच्या प्रत्येक नगावर उमटतो. मग मेणाचे थर. लावायचे, वाळू द्यायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे. मोदकाच्या साच्याला तुपाचे बोट का फिरवतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला या मेणाचे महत्त्व सांगायला नको. तूप विसरले तर मोदक मोडतो. मेण विसरले तर पॅटर्न आणि साचा एकमेकांना असे धरतात की दोन्ही फोडावे लागतात.

त्यावर जेलकोटचा थर. हीच साच्याची आतली कातडी. तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतपत आळला की काचेच्या तंतूंची मॅट, त्यावर रेझिन, पुन्हा मॅट. रोलर फिरवून आतली हवा काढायची. राहिलेला बुडबुडा पुढे उन्हात फुगतो किंवा दाबाने फुटतो. रेझिन कडक करणारे रसायन शेकडा एक-दोन टक्केच. कमी पडले तर माल चिकटच राहतो. जास्त झाले तर तापतो, आक्रसतो, तडकतो. ते रसायन आणि वेग वाढवणारे दुसरे रसायन ही थेट एकमेकांत कधीच ओतायची नाहीत, कारण भडका उडतो. हा धडा पहिल्याच दिवशी गिरवून घेतात. घाई करणाऱ्याचा साचा जाड थर एकदम दिल्याने वाकडा होतो. म्हणून थोडे थोडे, थांबून थांबून. आणि साचा वस्तूपेक्षा कितीतरी जाड करायचा, पाठीला आधाराच्या पट्ट्या द्यायच्या, कारण वस्तू एकदाच निघते, साच्याला शेकडो वेळा निघू द्यायचे असते.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घासण्याच्याही आधी ठरलेली असते. वस्तू साच्यातून बाहेर येणार कशी? बादलीत गोठलेला बर्फ उलटा केला की निसटतो, कारण बादली वर रुंद आहे. घागरीतला निसटत नाही, कारण तिचा गळा अरुंद आहे. प्रत्येक बाजूला थोडा ढाळ हवा. कुठे आत वळलेला कोपरा असेल तर साचा दोन भागांत करायला हवा. ईम्सच्या खुर्चीकडे या नजरेने पाहा. तिच्या हातांचे बाहेर झुकणे, पाठीचे किंचित मागे रेलणे, कुठेही आतल्या बाजूला न वळणे हे डोळ्याला देखणे वाटते. ते साच्यातून सुटण्यासाठीही आहे. माणसाचे बसणे आणि साच्याचे सोडणे या दोन्ही अटी एकाच रेषेने पुऱ्या केल्या, ही त्या आरेखनाची खरी कमाई.

हातांनी दोन खुर्च्या निघाल्या. हजारो काढायच्या तर दुसरी सोय हवी होती. युद्धात रडारची टोपणे बनवण्याचा अनुभव असलेल्या झेनिथ प्लॅस्टिक्स या कंपनीने ती केली. हर्मन मिलर ही फर्निचर कंपनी पाठीशी उभी राहिली. चिरलेले काचतंतू भोकाभोकांच्या ठोकळ्यावर हवेच्या ओढीने बसवायचे, तो कच्चा आकार धातूच्या दोन जड साच्यांमध्ये ठेवायचा, रेझिन ओतायचे आणि उष्णता देऊन यंत्राने दाबायचे. 1950 मध्ये खुर्ची बाजारात आली. सुरुवातीच्या खुर्च्यांच्या कडेत बळकटीसाठी दोरी बसवलेली असे. तयारीचा हात बसल्यावर ती गेली. पाय जोडायला खाली रबराच्या चकत्या चिकटवल्या. आणि चार्ल्स-रे यांनी एक धीट निर्णय घेतला. वर रंग चढवायचा नाही, कापड चढवायचे नाही. रेझिनमध्येच रंग मिसळायचा आणि काचेचे तंतू दिसतात तसे दिसू द्यायचे. दहा वर्षांपूर्वी ज्या खुर्चीचा दोष कापडाखाली लपवावा लागला होता, तिच्यापाशी आता लपवण्यासारखे काही नव्हते.

बँकेच्या नोकरीत लघुउद्योगांचे कर्ज-प्रस्ताव तपासताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. ‘साचे व डाय’ या सदरातला आकडा पाहून नवा अधिकारी दचकतो. अजून एक नग निघालेला नाही आणि एवढे पैसे? पण हिशेब सरळ असतो. साच्याला एक लाख रुपये लागले आणि शंभर नग निघाले तर नगामागे हजार रुपये साच्याचे. दहा हजार नग निघाले तर दहा रुपये. म्हणजे साच्यावर पैसे घालणारा माणूस खरे तर न जन्मलेल्या गिऱ्हाइकावर विश्वास टाकत असतो. तो विश्वास चुकला की कारखाने बसतात, हेही आम्ही पाहिले. चार्ल्सला चांगली खुर्ची श्रीमंताच्या दिवाणखान्यात नको होती, ती पुष्कळांच्या घरात हवी होती. पण पुष्कळांसाठी स्वस्त वस्तू करायची तर आधी खूप महाग साचा करावा लागतो. म्हणून नुसती कल्पकता पुरली नाही. त्या साच्याचा खर्च उचलायला तयार असलेला कारखानदार भेटावा लागला.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. 1946 मध्ये संग्रहालयाने प्लायवुडच्या खुर्च्यांचे प्रदर्शन भरवले ते एकट्या चार्ल्सच्या नावाने. पंप मारणारे, साचे घासणारे बरेच हात त्यात होते. श्रेयाच्या प्रश्नावरून काही सहकारी दुखावून बाहेर पडले. पुढे शिल्पकार म्हणून नाव मिळवलेला हॅरी बर्टोया त्यांपैकी एक. रेचे नाव तर कितीतरी वर्षे पत्नी म्हणूनच घेतले गेले. पहिल्या खोलीतल्या पहिल्या यंत्रापासून ती बरोबरीची होती. रेषा कुठे सैल पडते आणि कुठे आवळायची हे चित्रकाराच्या नजरेने ती सांगत असे. साचा अदृश्य राहतो आणि वस्तूचे नाव होते, हा न्याय तिच्याही वाट्याला आला. तिचे श्रेय जगाने मानले, पण फार उशिरा.

फायबरग्लासचीही किंमत मोजावी लागली. घासताना उडणारी काचेची धूळ कामगाराच्या कातडीत आणि छातीत जाते, रेझिनच्या वाफा डोक्यात चढतात आणि एकदा कडक झालेला हा माल पुन्हा वितळवता येत नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस याच कारणांनी फायबरग्लासची खुर्ची बंद झाली, तिच्या जागी पुन्हा वितळवता येणारे पॉलिप्रॉपिलीन आले. 2013 मध्ये हर्मन मिलरने कमी घातक रेझिन वापरून फायबरग्लासची खुर्ची परत आणली. पण अस्सल खुर्ची आज सामान्य घराच्या आवाक्यात नाही. जी पुष्कळांसाठी होती ती हौशी संग्राहकांची झाली. पुष्कळांकडे पोचल्या त्या तिच्या लेकी-नाती, कुठल्याकुठल्या कारखान्यांतून निघालेल्या, तिचे नाव न सांगणाऱ्या. चार्ल्सचा हेतू पुरा झाला म्हणावे की फसला, याचा निर्णय सोपा नाही. दवाखान्याबाहेरच्या खुर्चीवर पाठ टेकवून बसलेल्या म्हाताऱ्याला विचारले तर तो पुरा झाला असेच म्हणेल.

1958 मध्ये हे दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून, फोर्ड फाउंडेशनच्या साह्याने आपल्याकडे आले. देश उद्योगांच्या मागे लागला होता आणि छोट्या उद्योगांतल्या मालाचा दर्जा ढासळतो आहे अशी काळजी सरकारला होती. तीनेक महिने दोघे देशभर हिंडले. अहवाल लिहिला तेव्हा त्यांनी सर्वांत जास्त कौतुक केले ते आपल्या साध्या तांब्याचे, लोट्याचे. त्यात पाणी किती मावावे, तो कमरेवर कसा बसावा, डोक्यावर कसा तोलावा, धार कशी पडावी, घासताना हात आत जावा की नाही, किंमत किती असावी, असे एकेक प्रश्न त्यांनी मांडले आणि दाखवून दिले की याचा कोणी एक कर्ता नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी तो घडवला. ज्याने एका वळणासाठी दहा वर्षे घालवली होती त्यालाच हे दिसणार. त्या अहवालातून 1961 मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या जीवनावरचे जे प्रदर्शन 1965 मध्ये न्यूयॉर्कला मांडले गेले, त्यातही ईम्स आणि ही संस्था यांनी मिळून काम केले.

पुढे चार्ल्स-रे यांनी चित्रपट केले, प्रदर्शने केली, खेळणी केली. विश्वाच्या आवाक्यापासून अणूच्या गाभ्यापर्यंत दहाच्या पटीने नेणारा त्यांचा 1977 सालचा लघुपट जगभर शाळांतून दाखवला गेला. या प्रत्येक वेळी सुरुवात मात्र तीच, आपल्याला हे येत नाही इथपासून. 21 ऑगस्ट 1978 रोजी, कामानिमित्त सेंट लुईसला गेला असताना, त्याच जन्मगावी चार्ल्सचे निधन झाले. रे त्यानंतर दहा वर्षे कामाचा पसारा आवरत राहिली आणि 1988 मध्ये त्याच तारखेला, 21 ऑगस्टलाच, गेली.

कुठल्याही फायबरच्या शेडमध्ये जा, एक क्षण असा येतो की सगळे गप्प होतात. साच्याच्या कडेत लाकडी पाचर घालून हलकेच ठोकतात, सगळे कान देऊन उभे राहतात आणि आतून ‘कट्’ असा बारीक आवाज येतो. वस्तू सुटल्याची ती खूण. नवशिक्या पोर त्या आवाजाने उड्या मारते. जुना कारागीर आधी साच्यात डोकावतो, कुठे काही चिकटून राहिले नाही ना हे पाहतो, आणि पुढच्या नगासाठी पुन्हा मेण लावायला घेतो.